मागच्याला काय दिसून राहिलं

"ये लाल नहीं है, भैया. ये शरमाया हुआ गुलाबी है."

जबलपूरमधल्या घमापुरच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात वैरागडे काका एक दिवा डोळ्यांसमोर धरून उभे होते. मी त्यांच्या मागे उभी होते, जमेल तितकी भिंतीसारखी. दुकानदाराने काउंटरवर मांडलेला हा पाचवा दिवा.

"अंकल, ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले रोज ले जाते हैं. रंग आज तक किसी ने नहीं पूछा."

"उनकी ट्रॉली पे गेहूँ जाता है. मेरी पे नाव जाती है."

"तो लाइट को क्या पता, ऊपर क्या रखा है?"

"लाइट को कुछ पता नहीं. पर पानी में सबसे पहले वही डूबती है."

दुकानदाराने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं.

वैरागडे काका आमच्या शेजारचे. फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हा फॅक्टरीने त्यांना एक घड्याळ दिलं आणि त्यांचा एक कान ठेवून घेतला. उजव्या बाजूने बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, आणि डाव्या बाजूने मोठ्याने बोलावं लागतं. अशा माणसासोबत आईने मला का पाठवावं, हे कोडंच आहे. माझ्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकात एकच शेरा होता: मुलगी हुशार आहे, पण बोलत नाही. मराठी तर मी बोलतच नाही. आई मराठीत विचारते, मी हिंदीत उत्तर देते. एखादा शब्द चुकला तर लोक हसतील, ही भीती. पण खोक्यांवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचायला काकांना कोणीतरी हवं होतं. "माझं इंग्रजी फॅक्टरीचं," ते म्हणतात. "ते फक्त 'डेंजर' वाचते."

म्हणून गेल्या महिन्यापासून दर शनिवारी मी स्कूटर काढते. काका मागे बसतात, मांडीवर पाण्याने भरलेला झाकणाचा डबा घेऊन. पसंत पडलेला दिवा दुकानातच त्या डब्यात बुडवायचा, बॅटरीला जोडायचा, आणि चहा पिऊन होईपर्यंत पाहायचं. बुडबुडा आला की दिवा नापास. दुकानदार आता आम्हाला पाहिलं की आधी चहा सांगतो.

काकांच्या सगळ्या वेडाचं मूळ एका वाक्यात आहे. "पुढचं तर कोणीही पाहते, बेटा. मागच्याला काय दिसून राहिलं, ते महत्त्वाचं." न्हाव्याकडे ते समोरच्या आरशात बघतच नाहीत, मागे धरायचा छोटा आरसा मागून घेतात आणि पाच मिनिटं स्वतःच्या मानेचा अभ्यास करतात. सकाळी फिरायला जाताना त्यांच्या स्वेटरच्या पाठीवर चमकणारी पट्टी शिवलेली असते. एका वर्षी कॉलनीच्या गणपतीची पाठ रंगवायची राहून गेली होती. सगळे आरतीला समोर उभे, आणि काका मांडवाच्या मागे ब्रश घेऊन. "काका, मागून कोण बघतंय?" असं कोणीतरी विचारलं. "मी बघून राहिलो ना!" काका आतून ओरडले. "मी कोणी नाही का?"

आता बोटीबद्दल. ही बोट काकांनी स्वतः बनवली, पोर्चमध्ये, फायबरची. सहा वर्षं लागली. तिला बर्गी धरणाच्या पाण्यापर्यंत न्यायला दोन चाकांची लोखंडी ट्रॉलीही बनवली. ही ट्रॉली जीपच्या मागे जोडायची, काठावर पोहोचलं की जीप उलटी घेत ट्रॉली पाण्यात उतरवायची, आणि बोट तरंगली की रिकामी ट्रॉली बाहेर काढायची. यात ट्रॉलीच्या मागचे दिवे पाण्याखाली जातात. म्हणून आधी त्यांची तार काढायची असते.

पहिल्या फेरीत काका ती काढायला विसरले. आनंदात होते. तापलेले बल्ब थंड पाण्यात गेले आणि फट्‌फट् फुटले. बोट तरंगली, दिवे गेले.

पुढची गोष्ट आईकडून मी दहा वेळा ऐकली आहे. परत येताना संध्याकाळ होऊन राहिलेली, मागे दिवा नाही, रस्त्यावर ट्रक. काका म्हणाले, इथेच मुक्काम करू. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, म्हणाल्या, "काहून? मी आहे ना." आणि त्या ट्रॉलीवरच्या बोटीत चढून, मागे तोंड करून बसल्या. टॉर्चवर लाल ब्लाउजपीस गुंडाळलं. वळण आलं की त्या बाजूचा हात बाहेर. नवरात्राचे दिवस होते. मागून येणाऱ्यांना दिसायचं ते असं: पहिल्या फेरीसाठी सजवलेली गाडी, वर लाल उजेडात बसलेली बाई, एक हात उंचावलेला. दोन मोटारसायकलवाल्यांनी नमस्कार केला. काकूंनी आशीर्वाद दिला. जबलपूर येईपर्यंत, आई म्हणते, त्यांना एक नारळसुद्धा मिळाला होता.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून बोट ताडपत्रीखाली आहे, आणि तेव्हापासूनच काका दिवे निवडत आहेत. "दिवे लागले की बर्गी," ते सगळ्यांना सांगतात. कॉलनीने विश्वास ठेवणं सोडलंय. एक जण म्हणाले, बोटीत कमळं लावा. हैदराबादच्या मुलाने फोनवर सांगितलं, "बाबा, दिवाळीत येतो. तोवर दिवे लागले तर ठीक, नाही तर बोट विकून टाकू." फोन स्पीकरवर होता, काकांचा फोन नेहमीच स्पीकरवर असतो. "चलो, ठीक आहे," काका म्हणाले.

त्या शनिवारी सहावा दिवा पास झाला. लाल म्हणजे लाल. चहा संपला, दुसरा चहाही संपला, तरी एक बुडबुडा नाही. दुकानदाराने आनंदाने हात जोडले. काकांनी जोडी घेतली. माझ्याहून जास्त कोणालाच हायसं वाटलं नसेल.

घरी आल्यावर म्हणाले, "बेटा, ते खोकं कपाटात ठेवून दे."

मी कपाट उघडलं. आत आधीच दिव्यांच्या सहा जोड्या होत्या. सगळ्या बंद खोक्यांत, मी सोबत जायला लागण्याआधीच्या. प्रत्येकावर काकांच्या अक्षरात एकच शब्द: पास.

मी विचारत नसते. पण वळून पाहिलं, तर काका दारात उभे होते, चोरी पकडली गेल्यासारखे.

"लावायला काही वेळ लागत नाही," ते म्हणाले. "तार तयार आहे. पण तपासायला दोन माणसं लागतात, बेटा. मी जीपमध्ये बसून ब्रेक दाबीन, आणि मागं उभं राहून सांगंल कोण? आरशात बोटच दिसते. दूधवाल्याला उभं केलं एकदा. तो म्हणाला, 'हाँ हाँ, जल रही है.' दिवे लावलेच नव्हते अजून." ते हसले. मग उजव्या कानाला हात लावला. "तुझ्या काकूचा आवाज असा होता का माझ्या या कानालाही ऐकू यायचा. घमापुरालाही ऐकू यायचा."

मी खोकं कपाटात ठेवलं नाही. ते घेऊन पोर्चमध्ये गेले आणि ताडपत्रीची दोरी सोडू लागले. काका पाना शोधायला धावले.

पाऊण तास लागला. ट्रॉली जीपला जोडली, तार जोडली, काका आत चढले. मी मागे जाऊन उभी राहिले. काकू उभ्या राहत असतील ती जागा मी पहिल्यांदाच पाहत होते. बोटीच्या मागच्या बाजूला, दोन्ही दिव्यांच्या बरोबर मध्ये, 'सुमन' लिहिलं होतं. पुढून ते कधीच दिसत नाही.

जीप सुरू झाली. तिचा आवाज फॅक्टरीसारखाच आहे.

"डावा! दिसलं का?"

डावा दिवा उघडझाप करत होता. मी अंगठा वर केला. मग लक्षात आलं, मध्ये आख्खी बोट आहे.

"उजवा! दिसलं का, बेटा?"

उजवाही लागला. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, हिंदीत, मग इंग्रजीत, मग काहीच नाही. समोरच्या घरातल्या काकू कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आता ब्रेक दाबून राहिलो."

दोन्ही दिवे भक्कन लाल झाले. भर दुपारीसुद्धा. मधली अक्षरंही लाल झाली.

पुढून काही वेळ नुसतं इंजिन. मग काकांचा आवाज, एकदम लहान झालेला.

"राहू दे, बेटा. नसंल लागत. पुढच्या शनिवारी पाहू."

ब्रेकवरचा पाय निघाला. दिवे विझले. जीपचं दार उघडल्याचा आवाज आला.

"काका, उतरू नका!" मी ओरडले. समोरच्या काकू दचकल्या. "डावा लागला! उजवा लागला! ब्रेक पुन्हा दाबा, मी आहे ना! मागून सगळं दिसून राहिलं!"