रामोजीमामांची बिनआवाजी गाडी

अन्याय झाला रामोजीमामांवर. पोंगलच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, कुंभकोणममधल्या आमच्याच गल्लीत वीज कार्यालयाच्या माणसाने शिडी लावली आणि त्यांच्या घराची वीज तोडली. मामा तेव्हा पानावर बसून भिंतीकडे बघत होते. भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी व्होल्टमीटर टांगलेला आहे. त्याचा काटा बघितल्याशिवाय मामा पहिला घास घेत नाहीत. काटा खाली असला की म्हणतात, "आज कावेरी आटली." त्या दिवशी काटा शून्यावर पडला आणि मामा उपाशी उठले.

मामा पॉलिटेक्निकातून निवृत्त झालेले, एकटे. जुन्या सायकल-रिक्षाला त्यांनी लॉरीच्या बॅटऱ्या आणि मोटर बसवली. घरच्या प्लगवर चार्ज करायची आणि पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या आपल्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्या बायकांना गोविंदपुरम्‌च्या विठ्ठलाच्या भजनाला न्यायचं. भाडं?

"भाडें घेतलें तर मी ड्रायवर. नाहीं घेतलें तर मी मामा. सेरि?" सेरि म्हणजे तमिळमध्ये ठीक. मामांचं बहुतेक बोलणं तिथेच येऊन उभं राहतं.

उतरताना बायका प्रसादाचा अर्धा नारळ त्यांच्या हातावर ठेवतात. वीज कार्यालयाच्या तपासनिसाने तेवढंच पाहिलं. नारळ म्हणजे भाडं, म्हणून गाडी धंद्याची, म्हणून घरगुती विजेचा गैरवापर! काय ही अक्कल!

मी कार्यालयात जाऊन भांडले. साहेब म्हणाले, "अम्मा, दरपत्रकात शेतीपंप आहे, गिरणी आहे, देऊळ आहे. गाडी कुठे बसवू?"

"नवा वर्ग करा! वापरणाऱ्यांना विचारून करा. उद्या गल्लोगल्ली अशा गाड्या आल्या तर काय, सगळ्या गावाची वीज तोडणार?"

साहेब चक्क हसले. "मुद्दा आहे," म्हणाले. "चौकशी लावतो. बोलणारी माणसं आणा."

तोवर अडायला नको म्हणून मी मामांना सुचवलं, "पेट्रोलचं इंजिन बसवा. वीजवाल्यांचं तोंड बघायला नको."

"नको गे."

"हट्ट कसला मामा?"

मामा चाकाचा नट पिळत राहिले. मग खालच्या मानेने म्हणाले, "इंजिनाचा आवाज होतो. ह्या बाया मागें बसून बोलतात. कोणाची सून कशी, कोणाच्या सांबारांत मीठ नाहीं. आपल्या भाषेंत. बाहेर सगळें तमिळ, घरीं तर कोणीच नाहीं. गोविंदपुरम् येईपर्यंत मी ऐकत असतों. भजन मला कोठें येतें?"

मी पत्रकं पुष्कळ लिहिली आहेत. त्यांत हे कारण कधी लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

येत्या सोमवारी सकाळी वीज कार्यालयात चौकशी आहे. वाचून घरी बसू नका. या. साहेबांपुढे उभे राहून सांगा: वीज जोडा, आणि गाड्यांसाठी दर ठरवताना आधी आम्हाला विचारा. मग लगेच पांगू नका. मामा बाहेर उभे असतील. त्यांच्याशी घटकाभर बोला, मराठीत.