जावयाचं घड्याळ आणि ग्राहकाचा हक्क

जावयाचं घड्याळ ऑनलाइन मागवायचं असं मी ठरवलं, तिथंच माझं डोकं फिरलं असं बायकोचं म्हणणं आहे. (तिच्या मते ते लग्नाआधीच फिरलेलं होतं, पण तो वेगळा विषय.)

"आवो, इथं नेकनूरात मतीनभाईचं दुकान हाय की," विजयमाला म्हणाली. "हातात घेऊन बघता येतंय."

"जग कुठं चाललंय, कळतंय का तुला?" मी म्हणालो.

जगाचं जाऊ द्या, घड्याळ कुठं चाललंय तेच मला कळेना. ठरलेली तारीख उलटली तरी मोबाइल रोज एकच सांगायचा, 'वाटेवर आहे'.

इकडं धोंड्याचा महिना संपत आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. हुकलं की थेट तीन वर्षांनी. त्यात पहिल्या धोंड्याला काय दिलं, हे सासरची माणसं मरेपर्यंत विसरत नाहीत. लेक वैष्णवीनं फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलंही होतं, "आप्पा, थोरल्या जाऊबाईच्या माहेरून लई भारी घड्याळ आलंय. माझी लाज राखा."

शेवटचा दिवस उजाडला. तेलगावहून जीप भरून पाहुणे उतरले. वैष्णवी, जावई रणजित, त्याची आई तुळजाबाई आणि झाडून सगळी भावकी. घड्याळाचा पत्ता नाही! जेवणं उरकली की वाण द्यायचं होतं. पंगत बसली आणि मी मागं न्हाणीपाशी जाऊन डिलिव्हरीवाल्याला फोन लावला. मेसेजात त्याचं नाव होतं लखन. रिंग जायची, उचलायचा नाही. परत लावला, परत तेच. मग मी कंपनीला लावला.

"सर, पार्सल आज नक्की येईल," तिकडून एक बाई गोड आवाजात म्हणाली.

"वेळेत माल आला नाही तर ऑर्डर रद्द करून सगळे पैसे मागायचा ग्राहकाला हक्क आहे! मी पतसंस्थेत क्लार्क आहे, मला नियम शिकवू नका!"

"सर, थोडं थांबलात तर..."

"अजिबात थांबणार नाही! करा रद्द!"

लगेच मेसेज आला, 'ऑर्डर रद्द'. आयुष्यात पहिल्यांदाच माझं कुणीतरी ऐकलं होतं. छाती फुगवून मी मतीनभाईला फोन केला.

"सुंदरराव, मी आष्टीला भाच्याच्या लग्नात हाय. दुकान उद्याच उघडंल."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आता तो लखनच काय तो वाचवणार! मी पुन्हा त्याला फोन लावला, आणि रिंग माझ्याच घरातून ऐकू आली.

धावत आत गेलो. विजयमाला एक भली मोठी बॅग घेऊन उभी होती. "पाव्हण्यांची बॅग कवापासून वाजतीया."

पंगतीत, जावयाच्या शेजारच्या पाटावरून एका पोरानं तुपानं माखलेला हात वर केला. "माझी हाय, मावशी."

"तुम्ही कोण?" मी विचारलं. (जावयाकडच्या माणसाला असं विचारायची आमच्यात कुणाची छाती होत नाही. म्हणूनच सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं.)

"मी लखन. पार्सलवाला. जीपच्या मागोमागच आलो. तेव्हापासून सांगतोय, पण तुमच्या माणसांनी पाय धुतले, पाटावर बसवलं. तोंड उघडलं की ताटात धोंडा पडतोय!"

"आमाला वाटलं, तुमच्याकडचे हायेत," तुळजाबाई म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. "आण बाबा, आण ते घड्याळ!"

लखननं हात पुसून बॅगेतला मोबाइल बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. "काका, ही ऑर्डर आत्ताच रद्द झालीय. आता दिली तर माझी नोकरी जाईल."

"रद्द कुणी केली?" तुळजाबाईंनी विचारलं.

"ग्राहकानं," मी खाली बघत म्हणालो.

विजयमालानं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता आपली पण ऑर्डर रद्द. लखन घड्याळ घेऊन गेला. जाताना टॉवेल-टोपीचा आहेरही घेऊन गेला, कारण तो बायकोनं आधीच केला होता.

स्वयंपाकघराच्या दारात वैष्णवी उभी होती. डोळ्यांत पाणी. मला ते बघवेना. माझ्या पहिल्या धोंड्याला सासऱ्यांनी घातलेली सोन्याची अंगठी मी बोटातून ओढली. निघेना! तेल लावलं, साबण लावला. शेवटी विजयमालानं वाढपातलं तूप बोटावर ओतलं आणि सगळा राग एकवटून असा हिसका दिला की अंगठी आली आणि बोटाचं सालटंही आलं.

ती जावयाच्या बोटात घातली. तुळजाबाई खुलल्या. वैष्णवी डोळे पुसून हसली. बोट ठणकत होतं, पण मी सुटलो.

रणजितनं हात पुढं धरला, अंगठी बोटातल्या बोटात गरागरा फिरवून बघितली आणि माझ्या कानाशी वाकला.

"मामा, लई ढिली हाय. बदलून मिळती का?"