दिघेसाहेबांकडे दिघ्यांचा अर्ज

“दिघे, लाज वाटते का तुम्हाला? वर्ष संपलं आणि एक ध्येय धड पुरं नाही!”

दिल्लीत, करोल बागेतल्या त्या गल्लीत मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा ही गर्जना चालू होती. आवाज असा, की समोरच्या कपड्यांच्या दुकानातले पुतळेसुद्धा सावधान उभे राहिले. मी स्वतः पाहिलं. कोण बिचारा सापडलाय म्हणून शिक्क्यांच्या दुकानात डोकावलो, तर आत एकच माणूस. फिरत्या खुर्चीत बसून समोरच्या रिकाम्या स्टुलावर बोट रोखून ओरडत होता. मग तो उठला, टेबलाला वळसा घालून त्याच स्टुलावर बसला आणि मान खाली घालून म्हणाला, “सॉरी सर.”

हे आमचे दिघेकाका. द्वारकेत माझ्याच सोसायटीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. लिफ्टमध्ये भेटले तर गोगलगाय.

सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत काढून काकांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि रबरी शिक्के, नावाच्या पाट्या बनवायचं दुकान टाकलं. पहिला महिना माशा मारण्यात गेला. मग त्यांना साक्षात्कार झाला. “डोक्यावर साहेब नसेल तर माणूस हलतच नाही, यार!” आता साहेब आणायचा कुठून? त्यांनी स्वतःलाच बढती दिली. तेव्हापासून फिरती खुर्ची साहेबांची, स्टूल दिघ्यांचं.

दर एप्रिलला स्टुलावरचे दिघे वर्षाची ध्येयं लिहून साहेबांना सादर करतात. कचोरी आठवड्यातून दोनदाच. सकाळी पार्कात पाच फेऱ्या, त्याही चालून. बाकावर बसून मोजलेल्या धरल्या जाणार नाहीत. कचोरीच्या प्रकरणात साहेबांनी दिघ्यांना एक दिवस निलंबितही केलं होतं. सोमवारी. सोमवारी बाजार बंदच असतो, पण शिस्त म्हणजे शिस्त.

शेवटचं ध्येय मात्र नऊ वर्षं तेच: ‘हिला समुद्र दाखवणे. रजा चार दिवस.’

ही म्हणजे काकू. जन्म करोल बागेतला, मग द्वारका, सगळं आयुष्य दिल्लीत. मराठी म्हटल्यावर शेजारणी विचारायच्या, “आप तो समंदर वाले हो, रोज़ जाते होंगे?” काकू चाळीस वर्षं बिनदिक्कत सांगत आल्या, “हाँ जी, बिल्कुल, रोज़.” प्रत्यक्षात त्यांनी पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यात मेट्रो स्टेशनखाली तुंबलेलं.

दर वर्षी रजेचा अर्ज साहेबांपुढे जायचा आणि साहेब खेकसायचे, “चार दिवस? दर सोमवार देतो तो कमी पडतो? आणि गिऱ्हाईक आलं तर? गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही!” की धाडकन शिक्का, नामंजूर. तो शिक्का इतका झिजला होता की टेबल हादरायचं, कागदावर काही उमटायचं नाही.

“काका, साहेबसुद्धा तुम्हीच ना? देऊन टाका की,” मी एकदा म्हटलं.

“तू नोकरी करतोस ना? साहेबाला असं सांगता येतं?” मग शाईची डबी उगाच पुसत म्हणाले, “चार दिवस कुलूप दिसलं की गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधतं. मग मी सकाळी उठून जायचं कुठे, सांग.”

यंदा काकूंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी पावसाळ्यात ऑपरेशन ठरवलं. त्यानंतर वाळूत चालणं विसरायचं. काकांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला. साहेबांनी त्याच दिवशी फेटाळला. मी तिथे होतो. स्टुलावरच्या माणसाच्या मिशा खऱ्याच खाली आल्या होत्या.

संध्याकाळी मी काकूंकडे चुगली केली. नऊ वर्षांत त्यांना यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. ऐकून घेतलं, गॅस बारीक केला आणि म्हणाल्या, “उद्या मला दुकानात ने.”

दुसऱ्या दिवशी माझा दंड काठीसारखा धरून, मेट्रोने, दर पायरीला एक “आई गं” म्हणत काकू दुकानात पोचल्या.

“तू? इथे?” काका चपापले.

“शिक्का हवाय. ‘मंजूर’ असा. अर्जंट.”

“तुला कशाला तो?”

“गिऱ्हाईकाला असं विचारतात?”

काका मुकाट कामाला लागले. अर्ध्या तासात शिक्का तयार. काकू टेबलाला वळसा घालून फिरत्या खुर्चीत बसल्या, फाइल पुढे ओढली आणि एकेक अर्ज शोधून ठोकत सुटल्या. गल्लीतली कबुतरं उडाली ती थेट गुरुग्रामला जाऊन बसली म्हणतात.

“नऊ अर्ज, प्रत्येकी चार दिवस. छत्तीस झाले,” काकू म्हणाल्या. “सध्या आठ घ्या.”

काका स्टुलावरून उठून ताठ उभे राहिले. “थँक यू, मॅडम.” मग चष्मा काढून बराच वेळ पुसला.

परवा गुहागरहून काकांचा फोन आला. असे ओरडत होते की द्वारकेत माझ्या खिडकीच्या काचा दमट झाल्या. “बघतेय रे! पाऊण तास झाला, पापणी हलली नाही!”

मी म्हटलं, “काकूंना द्या.”

काकू फोनवर आल्या. मी विचारलं, “काय काकू, कसा आहे समुद्र?”

“चांगला आहे,” काकू म्हणाल्या. “हे त्याच्याकडे पाठ करून बसलेत.”