जावयाची वायर

जावई कॉम्प्युटर कंपनीत आहे, एवढंच सासऱ्यांना माहीत होतं. तो तिथे माणसांच्या नेमणुका करतो, यंत्रांशी त्याचा संबंध नाही, हे सांगायचं लग्नाआधी राहून गेलं आणि लग्नानंतर धीर झाला नाही. त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरमधलं आत्मचरित्र नव्यात न्यायचं काम सासऱ्यांनी विश्वासानं सोपवलं, तेव्हा त्याला मान डोलवावी लागली.

सासरे निवृत्त वीजमीटर तपासनीस. जन्मभर दुसऱ्यांचे आकडे तपासून आता ते स्वतःविषयी लिहीत होते.

"सातवं प्रकरण जपून हां," ते चपला घालत म्हणाले. "आमच्या लग्नाचं आहे. एक शब्द खोटा नाही त्यात."

भाजी चिरणाऱ्या सासूबाईंची सुरी जरा जोरात चालली. सासरे केस कापायला गेल्यावर त्या म्हणाल्या, "पेनड्राइव्हवर घेतलं तर?"

"आई, पेनड्राइव्ह आता कोण वापरतं? दोन्ही कॉम्प्युटर थेट वायरनं जोडायचे. काम फत्ते."

वायर उंबऱ्यापर्यंतच पुरली. मग आतला जुना कॉम्प्युटर इस्त्रीच्या टेबलासकट बाहेर आला आणि बाहेरचा सोफा दारात अडकला. तरी दोन्ही यंत्रं एकमेकांना ओळख देईनात. जावई दोनदा मोबाइल घेऊन न्हाणीघरात जाऊन आला. तिथे व्हिडिओतली एक शाळकरी मुलगी हेच शिकवत होती.

अखेर जुळलं. आधी चाचणी म्हणून त्यानं नव्या कॉम्प्युटरवर एक फाइल केली, तिला ऐटीत 'आत्मचरित्र' असंच नाव दिलं आणि आत 'नमस्कार' एवढंच लिहिलं. मग त्यानं खरी फाइल ओढली. या नावाची फाइल आधीच आहे, ती काढून ही ठेवू का, असं यंत्रानं विचारलं. त्यानं बेधडक हो म्हटलं. काम डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं, तिथेच त्याला शंका यायला हवी होती.

नव्यात फाइल उघडली. नमस्कार. जुन्यात उघडली. तिथेही नमस्कार. ओढाओढ उलट्या दिशेनं झाली होती.

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, गेलं हो सगळं. बाबा मला घरात घेणार नाहीत."

सासूबाईंनी शांतपणे हात पुसले आणि चष्म्याच्या डबीतून पेनड्राइव्ह काढला. "सकाळीच घेऊन ठेवलंय. तुम्ही येणार म्हटल्यावर."

त्यानं त्यांचे पायच धरले.

"ते राहू द्या. मी म्हणेन त्याला फक्त हो म्हणायचं."

तासाभरानं सासरे नव्या पडद्यासमोर बसले. खूश होऊन पानं उलटता उलटता थबकले. "सहाव्यानंतर एकदम आठवं? सातवं कुठंय?"

"वायरीत अडकलं असेल," सासूबाई भाजीला फोडणी देत म्हणाल्या. "विचारा की जावयांना."

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयानं सासूबाईंच्या पाठीकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "जाड प्रकरण असलं की अडकतं."