अस्तर लावलेलं कव्हर

मास्तरांच्या घरात कव्हर नसलेली वस्तू शोधूनही सापडली नसती. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, टीव्हीला मधोमध उघडणारं कव्हर, आणि ही कव्हरं शिवायच्या मशीनलाही कव्हर. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेला माणूस. उघडी वस्तू दिसली की हात आपोआप टेपकडे जायचा. पाहुणे यायचे झाले की मात्र सगळी कव्हरं उतरायची. आतली वस्तू अजून कशी कोरी करकरीत आहे, हे लोकांना दिसायला नको? पाहुणे गेले की कव्हरं पुन्हा चढायची.

त्यामुळे लांबच्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीने पाठवलेला कॅमेरा फाटकाशेजारच्या भिंतीवर बसला, तेव्हाच त्याचं भवितव्य ठरल्यासारखं होतं.

"याला वायर नको, काही नको," शिडीवरून वायरमन म्हणाला. "वरचं पॅनेल उन्हात राहिलं की बॅटरी भरते. ताई तिकडे मोबाइलवर बघतील, तुम्ही इकडे बिनघोर."

"आवाज जातो का तिच्यापर्यंत?"

"नाही मास्तर. या मॉडेलमध्ये नुसतं चित्र."

पण मास्तर बिनघोर वगैरे काही झाले नाहीत. मुलीला घरी येऊन दोन वर्षं होत आली होती. तिची आई होती तोवर फोनवर बोलायचं खातं आईकडे होतं. मास्तर लांबून "मी बरा आहे म्हणून सांग" एवढंच म्हणत. ती गेल्यावर फोन त्यांच्या हातात आला आणि बापलेकींना एकमेकांशी बोलायची सवयच नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं. दर रविवारी फोन यायचा. जेवलात का, जेवलो, तू जेवलीस का, जेवले. दीड मिनिटात संपायचा. तरी त्या दीड मिनिटासाठी मास्तर सकाळपासून फोन चार्ज करून बसायचे.

कॅमेरा आला आणि ते दीड मिनिटही गेलं. रविवारी नुसता मेसेज आला: 'सकाळी दूध आणताना दिसलात. तब्येत छान दिसतेय.' आता जेवलात का विचारायचीही गरज उरली नव्हती. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापाशी जायचे आणि स्वच्छ असलेली कडी पुन्हा पुसत उभे राहायचे. लेकीला आपण दिसतो, पण लेक आपल्याला ना दिसते ना ऐकू येते, याचं त्यांना फार वाईट वाटायचं. पण तक्रार करणार कुणाकडे? तिने एवढ्या काळजीने पाठवलेली वस्तू.

मग निदान त्या वस्तूची तरी नीट काळजी घ्यावी, म्हणून त्यांनी शिडी लावून पॅनेलचं माप घेतलं. धूळ, पाऊस, पक्षी, सगळ्यांचा विचार करून जाड कापड निवडलं, आतून अस्तर लावलं, कडेने इलॅस्टिक ओवलं. कव्हर असं बसलं की पॅनेल ते घालूनच जन्माला आलं असावं. उन्हाची शंका त्यांना आली नाही असं नाही. त्यांनी दुपारी कव्हराखाली हात घालून पाहिला. पॅनेल इस्त्रीसारखं तापलं होतं. ऊन आत पोचतंय, याची त्यांची खात्री पटली.

चौथ्या दिवशी फोन वाजला. त्या दिवशी रविवार नव्हता.

"बाबा, कॅमेरा बंद पडलाय. तुम्ही ठीक आहात ना?"

"मी ठीक आहे. कॅमेराही ठीक दिसतोय बाहेरून."

"खालचा लाल दिवा लागतो का बघा. थांबते मी."

ती थांबली. दिवा बघण्यात, चष्मा शोधण्यात, कुठला दिवा याची चर्चा करण्यात बावीस मिनिटं गेली. फोन ठेवल्यावर मास्तरांना भूक लागली. बऱ्याच दिवसांनी ते पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी वायरमन येणार म्हणून मास्तरांनी रिवाजाप्रमाणे सकाळीच कव्हर काढून ठेवलं. वायरमनने मीटर लावला. करंट उत्तम. दुपारपर्यंत कॅमेरा सुरू. तो गेला, मास्तरांनी कव्हर चढवलं, आणि चार दिवसांनी कॅमेरा पुन्हा डोळे मिटून बसला.

पुढचा महिना असाच गेला. वायरमन यायचा, कॅमेरा चालायचा. वायरमन जायचा, कॅमेरा बंद पडायचा. त्याने पॅनेलची जोडणी बदलली. त्याची दिशा बदलली. सावली पडते म्हणून शेजारच्या काकूंच्या झाडाची फांदी तोडली, आणि काकूंनी मास्तरांशी बोलणं सोडलं. मुलीने नवीन बॅटरी पाठवली. वायरमनची झोप उडाली. मुलगी मात्र आता दिवसाआड फोन करत होती. स्क्रू किती आहेत मोजा, म्हणायची. मास्तर सावकाश मोजायचे. स्क्रूवरून गोष्ट तिच्या ऑफिसातल्या खुर्चीवर जायची, खुर्चीवरून कंबरदुखीवर, कंबरदुखीवरून आईच्या हातच्या शेकावर. एकदा दोघंही आईबद्दल बोलता बोलता गप्प झाले आणि फोन तसाच चालू राहिला.

एका दुपारी वायरमन न सांगता आला. शिडी चढला आणि बराच वेळ वरच थांबला.

"मास्तर, हे काय आहे?"

"कव्हर. आतून अस्तर आहे."

"पॅनेलला?"

"तापतं चांगलं खाली. मी हात लावून बघितलंय."

"अहो, त्याला गरमी नको, उजेड लागतो." वायरमन पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मी काकूंची फांदी तोडली, मास्तर."

मास्तरांनी त्याला पाणी दिलं. त्यांना शरम वाटत होती, पण त्याहून भीती जास्त वाटत होती. कव्हर काढलं की कॅमेरा चालणार. कॅमेरा चालला की पुन्हा मेसेज, तब्येत छान दिसतेय. वायरमन कव्हर काढायला हात घालणार, तोच ते म्हणाले, "राहू दे आजचा दिवस."

वायरमन गेल्यावर ते तासभर फोन हातात घेऊन बसले. लेकीला फसवत राहणं त्यांच्याने होणार नव्हतं. शेवटी त्यांनीच नंबर लावला.

"बाळ, कॅमेऱ्यात बिघाड नव्हता. मीच त्याला कव्हर शिवलं होतं."

"माहीत आहे मला, बाबा."

"कसं?"

"बंद पडायच्या आधीच्या चार-पाच दिवसांचं चित्र साठून राहतं. दर वेळी तुम्हीच दिसता शिडी चढताना. हातात कव्हर घेऊन."

"दर वेळी? म्हणजे पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मग ते स्क्रू कशाला मोजायला लावलेस? आठ वेळा मोजले मी."

"सांगितलं असतं तर तुम्ही लगेच कव्हर काढलं असतं." ती म्हणाली. "मग मी फोन कशासाठी करणार होते?"

मास्तर म्हणाले, "आता काढावं लागेल."

"काढा. तुम्हाला बघून किती दिवस झाले."

"आणि फोन?"

"तुम्ही करा ना, बाबा. दोन वर्षांत तुम्ही स्वतःहून केलेला हा पहिला फोन आहे."

मास्तर हिशेब लावू लागले, पण तो खराच निघाला. "तू कामात असशील असं वाटायचं," ते म्हणाले.

"असतेच मी कामात. तरी करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कव्हर उतरवलं, घडी करून कपाटात ठेवलं आणि भर कामाच्या वेळेत फोन लावला.

"बोला बाबा, काय काम होतं?"

"काम काही नाही," मास्तर म्हणाले, आणि पाऊण तास बोलत राहिले.