नानांचा बाळंतविडा

आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत कुणाला मूल झालं की पेढे नंतर येतात, आधी नाना येतात. तेही रिकाम्या हाताने नाही, कात्री घेऊन. दारात उभं राहून बाळ-बाळंतिणीची चौकशी करतात आणि दुसऱ्याच वाक्याला घरातल्या जुन्या साड्या मागतात. नव्याने राहायला आलेल्या एका बिऱ्हाडाने तर त्यांना कपड्यांवर भांडी देणारा समजून सरळ विचारलं होतं, दोन साड्यांवर कुकर मिळेल का म्हणून.

नाना आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे. मूळचे सोनगीरकडचे, त्यामुळे मनाला काही लागलं की अहिराणीत शिरतात. निवृत्तीनंतर त्यांनी बायकोचं शिलाई मशीन ताब्यात घेतलं. ती गेल्यावर तर घरात तेवढाच एक आवाज उरला. मूल जन्मलं की बारशाच्या आत ते अख्खा बाळंतविडा उभा करतात. जुन्या सुती साडीची दुपटी, झबली, लंगोट, केळीच्या धाग्याची छोटी चटई आणि कडुनिंबाच्या लाकडाचा खुळखुळा. रंग नाही, प्लास्टिकचं बटण नाही, झबल्याचे बंदसुद्धा त्याच कापडाचे. सगळं रिठ्याच्या पाण्यातून काढलेलं.

साडी सुती आहे की नाही, हे ते कुणाच्या शब्दावर सोडत नाहीत. दोरा उपसून काडी लावतात. माझ्या जावेने मिरवत आणलेल्या ‘प्युअर कॉटन’चा दोरा त्यांनी भर अंगणात पेटवला, राख व्हायच्या ऐवजी त्याचा प्लास्टिकसारखा काळा मणी झाला, आणि जाऊबाई चार महिने आमच्याकडे फिरकल्या नाहीत. मला त्यात तोटा काही दिसला नाही.

माझी भाची मेघना पुण्यात डिझायनर आहे. निसर्गाला त्रास न देणाऱ्या घरगुती वस्तू आणि तान्ह्या बाळांचे कपडे करून विकणं हा तिचा व्यवसाय. उन्हाळ्यात ती आमच्याकडे आली आणि नानांच्या दोरीवर वाळणारं दुपटं बघून थबकलीच. आधी फोटो काढले, मग नानांना चहाला बोलावलं. सस्टेनेबल, ऑरगॅनिक, झिरो वेस्ट असं बरंच काही बोलली. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की आमच्याकडे याला चिंध्या म्हणतात. मेघना हसली. मग म्हणाली, दिवाळीपर्यंत असे पन्नास संच हवेत.

“पन्नास लेकरं कोनी?” नानांनी विचारलं. “जलमनात का?”

मेघनाने समजावलं की माल आधी तयार ठेवावा लागतो, गिऱ्हाईक सातव्या-आठव्या महिन्यातच मागणी नोंदवतं. नाना म्हणाले, मग नावं सांग. जन्मलेलंच नाही त्याचं नाव कुठून आणणार, हे तिचं म्हणणंही खरंच होतं. नाना अर्धा चहा तसाच ठेवून उठले. जाताना एवढंच म्हणाले की फोटो कुठे टाकू नको. तोवर ते टाकून झाले होते.

मला राग आला. संध्याकाळी मी चार शब्द सुनवायलाच त्यांच्याकडे गेले. शिकलेला माणूस, आयटीआयत पोरांना शिकवलं, आणि जन्माआधी बाळाचं काही शिवू नये ही म्हाताऱ्या बायांची समजूत धरून बसलात, असं तोंडावर बोलले. नाना रागावले नाहीत. आत जाऊन त्यांनी पत्र्याची एक पेटी आणली आणि उघडून माझ्यासमोर ठेवली. आत एक पूर्ण बाळंतविडा होता, घड्यांवर पिवळा पडलेला.

त्यांची एकुलती सुमन धुळ्याला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा बायको नको नको म्हणत असताना नानांनी महिनाभर आधीच सगळं करून ठेवलं. पाळणा टांगला, दुपटं अंथरलं, खुळखुळा बांधला. आणि बाळ पोटातच गेलं.

“मी आजही काही मानत नही, ताई,” नाना म्हणाले. “पन ती दवाखान्यातून रिकाम्या हातानं घर उनी, तं बठ्ठं तयार व्हतं.”

सगळं तयार, आणि बाळच नाही. ती समजूत बाळासाठी नव्हतीच, आईसाठी होती, हे मला त्या पेटीपुढे बसून कळलं. सुमनला पुन्हा मूल झालं नाही. ती माहेरी येते ती उभ्या उभ्या. आपण दुसऱ्यांच्या लेकरांसाठी दुपटी शिवतो, हे नानांनी तिला कधी कळू दिलं नव्हतं. तिला कळलं तर ती यायचीही थांबेल, एवढीच त्यांना धास्ती होती. मी घरी येऊन मेघनाला फोटो काढून टाकायला लावले, पण उशीर झाला होता. ते धुळ्याला पोचले होते.

चौथ्या दिवशी सुमन आली. नानांनी मला कुंपणावरून हाक मारली. एकट्याने तोंड द्यायची त्यांची हिंमत नव्हती. मी गेले तर सुमन खाली बसून पिशवी रिकामी करत होती. सहा-सात सुती साड्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, नीट घड्या घातलेल्या.

“या लेकरासले लागतीन,” ती म्हणाली. “मन्हाकडे नुसत्या पडेल शेत.”

तिच्याकडे नुसत्या पडून असलेल्या त्या साड्यांना नाना हात लावेनात. फोटोचं, शिवणाचं तिने काही विचारलंच नाही. बराच वेळ ती घड्याच सारख्या करत बसली. मग मान खाली ठेवूनच म्हणाली, “नाना, ती पेटी शे ना आजून?”

नानांनी होकाराची मान हलवली.

“त्यामधलं मात्र कोनले देऊ नका. ते मन्हा लेकरूनं शे.”

इतक्या वर्षांत त्या बाळाबद्दल बापलेकीत निघालेला हा पहिला शब्द. नाना तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. सुमन त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी दार ओढून घेतलं आणि घरी आले.