बरं होण्याची परवानगी

गॅरेट लॉमॅक्सच्या मेंदूला इजा झालेली आहे, याबद्दल अमेरिकन सरकारच्या मनात कधीच शंका नव्हती. इजा सरकारी कामातच झाली होती. अफगाणिस्तानात घरांची दारं स्फोटकं लावून उडवायची आणि धूर खाली बसायच्या आधी आत घुसायचं, हे गॅरेटचं सैन्यातलं काम. दारं किती उडवली, याची नोंद कुणी ठेवली नाही; प्रत्येक हादरा मेंदूने मात्र इमानेइतबारे जपून ठेवला.

टेक्सासला, अमारिलोच्या घरी परतल्यावर तो ठेवा बाहेर यायला लागला. डोकं ठणकायचं, उजेड सोसायचा नाही, स्वयंपाकघरात झाकण पडलं की गॅरेट टेबलाखाली. एकदा तो मुलीला आणायला शाळेत गेला. फाटकावरच्या बाईंनी हसत विचारलं, "कुणाला न्यायचंय?" आणि त्याला मुलीचं नावच आठवेना. तो तसाच घरी आला आणि गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून बसला. त्याच्या बायकोने, डीनाने, त्याच संध्याकाळी त्याचं पिस्तूल आपल्या भावाकडे नेऊन ठेवलं.

माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉक्टर प्रूइट होते. सज्जन माणूस. त्यांनी झोपेची गोळी दिली, तिने दिवसा पेंग यायला लागली म्हणून जागं राहायची दिली, तिने छाती धडधडायला लागली म्हणून शांत करणारी दिली.

"पण डॉक्टर, मी बरा कधी होणार?" गॅरेटने विचारलं.

"बरा हा शब्द आम्ही वापरत नाही, सार्जंट. आम्ही स्थिर म्हणतो."

मग डीनाला दुसऱ्या एका सैनिकाच्या बायकोकडून कळलं, की सीमेपलीकडे मेक्सिकोत एक दवाखाना आहे. इबोगा नावाच्या आफ्रिकी झुडपाच्या मुळापासून केलेलं औषध तिथे देतात. माणूस दिवसभर भलभलतं बघत पडून राहतो आणि पुष्कळदा निवळून उठतो. इकडे त्या औषधाला बंदी. डीनाने सरळ प्रूइटांना विचारलं.

"हा प्रश्न तुम्ही मला विचारलेला नाही," प्रूइट म्हणाले.

"आत्ताच तर विचारला!"

"विचारला असतात, तर मला नको म्हणावं लागलं असतं. म्हणून मी तो ऐकलेला नाही." त्यांनी दार लोटून घेतलं. "आणि न ऐकलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगतो, बाई, आधी त्याचं हृदय नीट तपासून घ्या. त्या औषधाने माणसं दगावलीयत."

हृदय ठणठणीत निघालं. डीनाने आपली लाडकी घोडी विकली आणि नवऱ्याला विमानात बसवलं.

मेक्सिकोतल्या त्या दवाखान्यात छातीला तारा लावून, डोळ्यांवर पट्टी बांधून गॅरेट आडवा झाला. पोटातलं सगळं ओकला. मग त्याला दारं दिसायला लागली, आयुष्यात उडवलेली सगळी. या वेळी ती आपणहून उघडत होती. एका दारामागे एक म्हातारा चहा गाळत बसला होता. त्याने वर पाहिलं आणि जरा सरकून जागा करून दिली. दुसऱ्या दिवशी गॅरेट जेवणापर्यंत रडला आणि जेवणानंतर झोपला. असा झोपला, की नर्स दोनदा श्वास बघून गेली.

घरी आल्यावर तो शाळेच्या फाटकाशी गेला. बाईंनी काही विचारायच्या आतच म्हणाला, "मेझी. मेझी जून लॉमॅक्स." बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे हो मला." तरी त्याने आणखी एकदा सांगितलं.

प्रूइटांनी तपासण्या केल्या. स्मरणशक्ती सुधारलेली, झोप सुधारलेली. त्यांना मनापासून आनंद झाला आणि ते संगणकाकडे वळले. संगणकाला सुधारणेचं कारण हवं होतं. त्याला मान्य असलेल्या कारणांत मेक्सिको नव्हतं. शेवटी प्रूइटांनी "गोळ्या" हे कारण निवडलं.

"पण गोळ्या मी कधीच्या सोडल्यात!"

"हेही मी ऐकलेलं नाही."

गोळ्यांचा गुण आलेला पाहून संगणकाने डोस दुप्पट केला. पुढच्या महिन्यात रुग्णालयात गॅरेटचा हसरा फोटो लागला: "नियमित गोळ्या, निरोगी मेंदू." आणि त्याच इबोगाच्या औषधावर संशोधन करू देण्याचा रुग्णालयाचा अर्ज वरच्या कचेरीने फेटाळला. चालू उपचारांनीच माणसं इतकी सुधारत असतील, तर नवीन कशाला?

त्या संशोधनात ज्यांना औषध मिळणार होतं, त्या रुग्णांत ऑगी सँडोव्हालचं नाव होतं. ऑगी गॅरेटच्याच तुकडीतला. दारं दोघांनी मिळून उडवली होती. त्याचा फोन आला.

"लॉमॅक्स, लेका, भिंतीवर फार गोड दिसतोस! तुझ्या हसण्याने माझी जागा गेली की रे." तो हसला. मग त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आधी म्हटल्याचं त्याच्या लक्षात नव्हतं.

गॅरेट उठला आणि थेट राजधानीत, खासदारांच्या समितीपुढे साक्षीला उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं: बंदी असलेलं औषध, तारा, दारं, फोटो.

समितीच्या अध्यक्ष बाई हळहळून म्हणाल्या, "सार्जंट, तुमच्या सेवेबद्दल राष्ट्र तुमचं ऋणी आहे. पण तुमच्या मेंदूला इजा आहे, हे सरकारनेच मान्य केलंय. इजा झालेल्या मेंदूची साक्ष आम्ही कशी ग्राह्य धरणार?"

"बाई, पण मी बरा झालोय!"

"उत्तम. मग तक्रार कसली?"

सगळे उभे राहिले आणि टाळ्या बराच वेळ चालल्या.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी त्याचा दंड हलकेच धरला. "त्या दवाखान्याचं नाव काय म्हणालात? माझ्या जावयाचं हल्ली कामात मन लागत नाही." मागून दुसरे सदस्य आले. त्यांना वजन कमी करायचं होतं. गावी चर्चच्या पायरीवर पास्टरसाहेबांनी गाठलं, प्रवचनं सुचत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या साहेबाने फोन करून विचारलं, "मेंदू शाबूत असेल तर जास्त फायदा होतो का?"

मग गॅरेटने ऑगीसाठी दवाखान्यात फोन लावला. ऑगीचं हृदय चांगलं होतं, बायकोने सामानही भरलं होतं.

पलीकडची पोरगी अदबीने म्हणाली, "सर, आता आमच्याकडे नेतृत्वविकासाची शिबिरं असतात. वर्षभर जागा नाही. आपल्या मित्राला कसला विकास हवाय?"

"त्याला बायको ओळखू यायला हवीय."

"ते आता आमच्या कार्यक्रमात बसत नाही, सर. प्रतीक्षायादीत नाव घालू का?"

ऑगी अजून त्या यादीत आहे. त्याच्यापुढे जावई आहेत, पास्टर आहेत, दोन खासदार आहेत. गॅरेट रोज दुपारी ऑगीच्या गॅरेजमध्ये जाऊन त्याच्या शेजारी बसतो. ऑगी रोज विचारतो, "आपण ओळखतो का रे एकमेकांना?" गॅरेट रोज ओळख करून देतो.

दवाखान्याचं नाव या कथेत मुद्दामच दिलेलं नाही. विसरभोळेपणा, कंटाळा, सोमवारची सकाळ, अशी कारणं घेऊन ते विचारायला निघालेल्या वाचकांनी कृपया ऑगीच्या मागे उभं राहावं. पुढे घुसू नये. अर्थात, आपली ओळख असेल तर गोष्ट वेगळी.